टेबलावरचं रिटर्न, घरचं रिटर्न: सिडकोतल्या एका पगारदाराचा अनुभव

आधी टेबलाबद्दल लिहितो, कारण आठ वर्षं माझं इन्कम टॅक्स रिटर्न त्या टेबलावरच भरलं गेलं.

नाशिकच्या सिडकोत आमच्या घरापासून सात मिनिटांवर एक झेरॉक्सचं दुकान आहे. नाव लिहीत नाही. मालकाला वाचल्यावर कळेलच, बाकीच्यांना कळून उपयोग नाही, कारण अशी दुकानं नाशिकच्या प्रत्येक चौकात आहेत. लॅमिनेशन, पॅन कार्डाचे अर्ज, शॉप ॲक्ट, लग्नाच्या बायोडाट्यावर गणपतीचं चित्र, सगळं तिथे होतं. जून लागला की मशीनशेजारी एक घडीचं टेबल येतं, त्यावर लॅपटॉप, आणि काचेवर कागद चिकटतो: 'इन्कम टॅक्स रिटर्न ५०० रु. रिफंडची खात्री.' दुसऱ्या वाक्याकडे मी आठ वर्षं नीट बघितलं नाही.

गोदावरीला पाणी सोडलं की आपण नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघायला जातो, पाणी त्याच्या गुडघ्याला आहे की छातीला. जुलैत आमच्या भागात रिटर्नची घाई किती वाढली हे त्या टेबलापुढच्या रांगेवरून कळायचं. शेवटच्या आठवड्यात रांग दुकानाबाहेर, बाजूच्या वडापावच्या गाडीपर्यंत. रांगेत सगळे आमच्यासारखेच, अंबड आणि सातपूरच्या कंपन्यांतले. मी अंबडला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर मायक्रॉनमध्ये मोजमाप करणारा माणूस. माझ्यापुढे उभा असायचा तो सीएनसी चालवणारा, मशीनचा प्रोग्रॅम स्वतः लिहिणारा. त्याच्यापुढचा फोनवरून शेअर घेतो आणि विकतो. भाजीवाल्याला दहा रुपयेही आम्ही फोननेच देतो. आणि तरी वर्षातून एकदा हातात फॉर्म १६, म्हणजे कंपनीने दिलेला पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला घेऊन, कोणीतरी आपलं रिटर्न भरून द्यावं म्हणून उभे.

'लोकांना कॉम्प्युटर येत नाही म्हणून ते ऑनलाइन रिटर्न भरत नाहीत' असं कोणी म्हटलं की मला ही रांग आठवते. कॉम्प्युटर येत होता, फक्त चुकलं तर ती चूक आपल्या नावावर नको होती. टेबलावरचा माणूस फॉर्म १६ घ्यायचा, चार मिनिटं खटाखट टाइप करायचा आणि म्हणायचा, 'झालं भाऊ, जा.' त्या 'झालं, जा' चे मी पाचशे रुपये देत होतो. पावती मागितली तर व्हॉट्सॲपवर पीडीएफ यायची. मी ती कधी उघडली नाही. माझ्या माहितीतल्या कोणीच उघडली नव्हती.

एक गोष्ट टेबलाच्या बाजूनेही सांगायला हवी. त्या पोराला कामाचं ज्ञान होतं. ज्यांची निफाडला किंवा दिंडोरीला द्राक्षाची बाग आहे आणि इकडे नोकरीही आहे, त्यांना तो बरोबर सांगायचा की शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी ते पाच हजारांच्या वर गेलं की 'सहज' म्हणजे आयटीआर-१ हा साधा फॉर्म चालत नाही, आयटीआर-२ लागतो आणि उत्पन्न दाखवावं लागतं. हे कित्येक शिकलेल्या माणसांना माहीत नसतं. त्यांना वाटतं, करमुक्त आहे म्हणजे लिहायचंच नाही. त्यामुळे टेबलावरचे सगळे अडाणी असतात असं कोणी समजू नये. माझ्या बाबतीत जे झालं ते अडाणीपणातून झालं नाही.

२०२४ मध्ये तो म्हणाला, 'भाऊ, तुमचा रिफंड कमी येतोय. मी बघतो.' त्या वर्षी भरलेल्या रिटर्नचे १२,४८० रुपये परत आले. त्यातले वीस टक्के त्याचे, म्हणजे अडीच हजार. शिफ्टमधल्या आणखी सात-आठ जणांना असेच आले. आम्ही मिसळ खायला गेलो. आता 'मला काही माहीत नव्हतं' असं मी म्हणू शकत नाही. माझा पगार, माझा पीएफ, माझा एलआयसीचा हप्ता, यात एवढा परतावा बसत नाही हे सातवीच्या गणिताने कळतं. मला ते गणित करायचं नव्हतं.

मग २०२५ चा जुलै उजाडला. १४ जुलैला आयकर खात्याने खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढून देणाऱ्यांवर देशात अनेक ठिकाणी कारवाई केली. खात्याच्या निवेदनात होतं की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार लोकांनी स्वतःहून रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले. मला मात्र खटकलं त्यातलं दुसरंच एक वाक्य: असे एजंट ढिगाने रिटर्न भरायला तात्पुरते ईमेल उघडतात, नंतर सोडून देतात, आणि खात्याच्या नोटिसा न वाचता पडून राहतात. मी बायकोला वाचून दाखवलं. तिने एकच विचारलं, 'तुमच्या खात्याला ईमेल कुठला आहे?'

मला माहीत नव्हतं. आठ वर्षं रिटर्न भरत होतो आणि आयकराच्या साइटवरच्या माझ्या खात्याला कुठला ईमेल आहे, पासवर्ड काय आहे, मोबाइल कुणाचा आहे, काहीच माहीत नव्हतं. ऑनलाइन भरत होतो असं मी सगळीकडे सांगायचो. खरं तर ऑनलाइन होता तो टेबलावरचा माणूस.

रात्री लॅपटॉप उघडला. इथे एक माहिती देतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की एजंटकडून पासवर्ड मिळाल्याशिवाय काही करता येत नाही. यूजर आयडी म्हणजे आपला पॅन. 'पासवर्ड विसरलो' वर गेलं की आधारचा ओटीपी मागता येतो, आणि आधारला माझाच मोबाइल होता. दहा मिनिटांत आत गेलो. प्रोफाइलमध्ये ईमेल होता एक, माझं आडनाव आणि पुढे चार आकडे, जो मी जन्मात बघितला नव्हता. मोबाइल त्या पोराचा. दोन्ही बदलले, दोन्हीकडे ओटीपी आले, पासवर्ड नवा टाकला. साइटवर 'ई-फायलिंग व्हॉल्ट' म्हणून एक सोय आहे, तीही लावली, म्हणजे आता नुसत्या पासवर्डवर कोणाला आत येता येणार नाही. आपल्या घराची किल्ली आठ वर्षं शेजाऱ्याकडे होती आणि आपण बेल वाजवून आत जात होतो, असं काहीसं वाटलं.

मग जुनी रिटर्नं उघडली. आर्थिक वर्ष २०२३-२४ च्या रिटर्नमध्ये कलम ८०जीजीसीखाली ६० हजार रुपये. म्हणजे मी एका राजकीय पक्षाला साठ हजारांची देणगी दिली होती. मी! गणपतीची वर्गणी एकशे एक देताना दोनदा विचार करणारा!

अशा वजावटी ज्यात मिळतात त्या जुन्या कर पद्धतीत वीस टक्क्यांच्या टप्प्यात साठ हजारांची वजावट म्हणजे बारा हजार, त्यावर चार टक्के सेस, झाले १२,४८०. जो आकडा खात्यात आला होता तोच. सातवीचं गणित.

दुरुस्तीला रस्ता आहे, आणि तो घरून जमतो. 'अपडेटेड रिटर्न' म्हणतात त्याला. १ एप्रिल २०२५ पासून त्याची मुदत आकारणी वर्ष (म्हणजे कमाईच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून ४८ महिन्यांची झाली आहे. आधी ती २४ महिन्यांची होती. पण जितका उशीर तितका जादा कर: पहिल्या बारा महिन्यांत कर आणि व्याजावर २५ टक्के, पुढच्या बारात ५०, मग ६०, मग ७०. मी पहिल्या वर्षात बसलो. मूळ कर, व्याज, त्यावर पंचवीस टक्के धरून अठरा हजारांच्या वर गेले. शिवाय टेबलाला दिलेले अडीच हजार आणि पाचशे. त्या रिफंडचा हिशोब असा बसला. शिफ्टमधल्या दोघांनी माझ्याबरोबर भरलं. बाकीचे म्हणतात, 'बघू, नोटीस आली तर.' नोटीस कुठल्या ईमेलवर येईल असं विचारलं की गप्प बसतात.

टेबलावर जाऊन भांडलो का? गेलो होतो. तो पोरगा शांतपणे म्हणाला, 'भाऊ, रिफंड तुमच्या खात्यात आला ना?' यावर मला उत्तर सुचलं नाही. रिटर्न कोणीही भरलेलं असो, खाली नाव आपलं असतं आणि जबाबदारीही आपली. टेबलाला पाचपैकी दीड तारा. तोही द्राक्षवाल्यांना दिलेल्या खऱ्या सल्ल्याचा.

आता घरच्या रिटर्नबद्दल. मधे भाच्याच्या सांगण्यावरून एका खासगी ॲपवर प्रयत्न केला होता. 'फुकट' लिहिलेलं होतं, सगळी माहिती भरून झाली आणि शेवटच्या पायरीवर पॅकेज निवडायला सांगितलं. बंद केलं. त्यावर एवढंच.

सरकारी साइटवर स्वतः भरणं २०२५ मध्ये पहिल्यांदा केलं. मुदत आधी ३१ जुलै होती, ती १५ सप्टेंबर झाली आणि शेवटी आणखी एक दिवस वाढली. मी ऑगस्टमधल्या एका रविवारी बसलो. पन्नास मिनिटं लागली, त्यातली पंधरा चहाची. चहाला उठलो तर परत आल्यावर पुन्हा लॉगिन करावं लागलं, तेव्हा चहा आधीच करून घ्या.

माझ्यासारख्या पगारदाराचा आयटीआर-१ जवळजवळ भरलेलाच समोर येतो. नाव, पत्ता, पगार, टीडीएस म्हणजे आधीच कापलेला कर, बँक खातं. आपलं काम तपासायचं. आणि हे तपासणं टेबलावर कधीच होत नव्हतं, कारण तिथे फक्त फॉर्म १६ बघितला जायचा. घरी मी साइटवरचं एआयएस म्हणजे वार्षिक माहिती पत्रक उघडलं. त्यात माझ्या पॅनवर वर्षभरात जे जे कळवलं गेलं ते सगळं असतं. एफडीचं १२ हजार रुपये व्याज तिथे होतं, फॉर्म १६ मध्ये नव्हतं. बँकेने टीडीएस कापला नाही म्हणजे व्याज करपात्र नाही, असं मी समजत होतो. ते व्याज माझ्या आधीच्या कुठल्याच रिटर्नमध्ये नव्हतं.

अडकलो तो शब्दांवर. फॉर्मचं नाव 'सहज', पण सहज असं काही आत गेल्यावर दिसत नाही. पहिल्याच पायरीला वर्ष निवडायचं. मी कमावलं २०२४-२५ मध्ये, निवडायचं २०२५-२६, कारण ते आकारणी वर्ष. हा एक वर्षाचा फरक कोणी एकदा समजावून सांगितला तर कळतो, नाहीतर माणूस पहिल्याच चौकटीत चुकतो आणि लॅपटॉप बंद करून टेबलाकडे जातो. मला आमच्या अकाउंट्समधल्या मॅडमनी फोनवर सांगितलं. ज्याला अशा मॅडम नाहीत त्याने काय करायचं? माझ्या मते लोक स्वतः भरतात की नाही हे त्यांच्या फोनबुकात असा एक नंबर आहे की नाही यावर ठरतं. साइट चांगली की वाईट हा त्याच्या नंतरचा प्रश्न.

दुसरी जागा म्हणजे जुनी पद्धत की नवी. इथे मला खरा धक्का बसला. पगार आणि एफडीचं व्याज मिळून माझं उत्पन्न ८ लाख ४० हजार. जुन्या पद्धतीत ५० हजारांची सरसकट वजावट, अडीच हजार व्यवसाय कर, दीड लाख ८०सीचे (पीएफ, एलआयसी वगैरे) वजा करून कर येतो ४१,६०० रुपये. नव्या पद्धतीत वजावट एकच, ७५ हजारांची, पण टप्पे मोठे. त्या वर्षीच्या दराने कर आला २७,५६०. मी डोळे चोळून दोनदा बघितलं. घराचं कर्ज नाही, घरभाडं नाही, तर नवी पद्धतच मला फायद्याची होती. टेबलावर मला कायम जुनी दाखवली गेली. आता कळतं का. नव्या पद्धतीत ८०जीजीसीसारख्या वजावटी नसतातच, मग खोट्या कुठे घुसवणार, आणि वीस टक्के कशाचे घेणार?

कंपनीने माझ्या जुन्या पद्धतीच्या हिशोबाने ३९,१०४ रुपये कापले होते. पगारदाराला मुदतीत रिटर्न भरताना पद्धत बदलता येते. बदलली. परतावा आला ११,५४० रुपये. खोट्या देणगीने काढलेल्या रिफंडपेक्षा हजारभरच कमी, आणि यात कोणाचे वीस टक्के नाहीत.

शेवटी व्हेरिफिकेशन. रिटर्न भरलं आणि ३० दिवसांत व्हेरिफाय केलं नाही तर ते वेळेत भरलं असं धरत नाहीत. आमच्या लाइनवरच्या एकाने मागे स्वतः भरलं होतं, 'सबमिट झालं' म्हणून निश्चिंत राहिला आणि हीच पायरी विसरला. तेव्हापासून तो सगळ्यांना सांगतो की ऑनलाइनचं काही खरं नाही. एक पायरी राहते आणि दहा माणसं टेबलाकडे परत जातात. आधारच्या ओटीपीने ते अर्ध्या मिनिटात होतं, नेट बँकिंगनेही होतं, आणि ज्याला काहीच जमत नाही त्याने आयटीआर-व्ही म्हणजे रिटर्नची पावती छापून, सही करून बंगळूरच्या केंद्रावर स्पीड पोस्टाने पाठवला तरी चालतं.

हे शेवटचं वाक्य मी आमच्या अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला.

अण्णा ८१ वर्षांचे. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून रिटायर झाले. आयुष्यभर स्टॅम्प पेपर आणि तिकिटं बघितलेला माणूस. त्यांच्या पेन्शनवर कर बसत नाही, पण एफडी दुसऱ्या बँकेत आहे आणि तिथे 'कर कापू नका' असं सांगणारा १५एच फॉर्म द्यायचं दर एप्रिलला त्यांच्याकडून राहून जायचं. मग ७२ हजारांच्या व्याजावर ७,२०० रुपये कापले जायचे. चार वर्षं त्यांनी ते तसेच सोडून दिले, रिटर्न भरायला नको म्हणून. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांची पेन्शन आणि व्याज एकाच बँकेत असेल तर रिटर्न भरावंच लागत नाही, बँकच हिशोब करते. पण अण्णांच्या दोन बँका. आणि ऐंशीच्या पुढच्यांना सहज किंवा सुगम (आयटीआर-४) फॉर्म कागदावर भरायची अजून परवानगी आहे, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. पेपरातलं कात्रण होतं त्यांच्याकडे.

मी म्हटलं, 'अण्णा, घरी बसून होतंय. कशाला ऑफिसला चकरा?'

'सही कुठे करायची?'

'सही नसते. ओटीपी येतो, तो टाकायचा.'

'म्हणजे सहा आकडे. ते कोणीही टाकेल. मग मीच भरलं कशावरून?'

आठ वर्षं ज्याचे सहा आकडे दुसऱ्याच्या फोनवर जात होते त्याने याला काय उत्तर द्यायचं?

त्यातून त्यांच्या आधारला जुना नंबर, जो पाच वर्षांपूर्वी बंद पडलाय. तो बदलायला आधार केंद्रावर न्यावं लागलं. फी तेव्हा पन्नास रुपये होती, पण अंगठा उमटेना. बोटांच्या रेषा गुळगुळीत झाल्यात. चौथ्या खेपेला एक करंगळी घेतली मशीनने. ते परतीच्या रिक्षात म्हणाले, 'बघ, तुझ्या ऑनलाइनला पण शेवटी माझा हातच लागला.'

नंबर लागू झाल्यावर रविवारी त्यांना शेजारी बसवून भरलं. प्रत्येक आकडा मी वाचायचा, त्यांनी पासबुकात बोट ठेवून 'हं' म्हणायचं. वेळ दीड तास. ओटीपी त्यांच्याच फोनवर आला, त्यांनीच चष्मा वर करून वाचला, त्यांनीच एका बोटाने टाकला. ७,२०० रुपये तीन आठवड्यांत त्यांच्या खात्यात. मेसेज आला तेव्हा ते खालच्या गणपतीच्या देवळात होते, तिथल्या चौघांना दाखवून आले.

पावती छापून मागितली. मी म्हटलं, हिच्यावर आता काही करायचं नाही, व्हेरिफाय झालंय, नुसती ठेवून द्या. रात्री त्यांची फाइल कपाटात ठेवताना बघितलं तर पावतीच्या खालच्या कोपऱ्यात एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवलेला, आणि त्यावरून आडवी, निळ्या शाईत, त्यांची पूर्ण सही.